मारत नाही ना? मग काच कसला!

डोंबिवलीतलं एक घर डोळ्यांपुढे आणा. घर कल्पित आहे, पण त्यातली एकही गोष्ट अनोळखी वाटणार नाही. ती एका खाजगी कंपनीत हिशेब बघते. पगार तिच्या खात्यात जमा होतो, पण त्या खात्याचं कार्ड नवऱ्याच्या पाकिटात असतं आणि बँकेचे मेसेज त्याच्या फोनवर येतात. सकाळी तो तिला शंभर रुपये देतो, रात्री हिशेब घेतो. संध्याकाळची ठरलेली लोकल चुकली की व्हिडिओ कॉल येतो, “फलाट दाखव.” माहेरी जायचं तर सासूबाई म्हणतात त्याला विचार, तो म्हणतो आईला विचार. कॉलेजच्या मैत्रिणींचा ग्रुप तिने स्वतःच सोडला, कारण दर मेसेजला “हा कोण?” याचं उत्तर देण्यापेक्षा ते सोपं होतं. लग्नाला सहा वर्षं झाली. त्याने एकदाही हात उचललेला नाही.

एकदा धीर करून ती आईला सांगते. आई विचारते, “मारत नाही ना? दारू पीत नाही ना? मग सांभाळून घे.”

या आईला दोष देऊन उपयोग नाही. तिच्याजवळच्या मोजपट्टीवर वळ मोजता येतात, हुंडा मोजता येतो. सहा वर्षांत लेकीचं जग किती आकसलं हे त्या पट्टीवर उमटतच नाही. आणि लेकीलाही एक प्रसंग सांगता येत नाही, कारण एकेक प्रसंग सुटा काढला की तो किरकोळच वाटतो. नवऱ्याने फलाट दाखव म्हटलं, एवढ्यावर कोण रडतं?

याला इंग्रजी बोलणाऱ्या देशांत ‘कोअर्सिव्ह कंट्रोल’ म्हणतात. एव्हन स्टार्क या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने २००७ साली याची सविस्तर मांडणी केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, हा गुन्हा मारहाणीपेक्षा ओलीस ठेवण्याच्या जवळचा आहे. माणसाच्या शरीराला धक्का न लावताही त्याचं स्वातंत्र्य काढून घेता येतं. आपल्या सरकारी मराठीत याला ‘सक्तीचे नियंत्रण’ असं काहीतरी नाव पडेल. पण आपल्याकडे याहून जुना आणि नेमका शब्द आहे, काच. नवी चप्पल काचते तेव्हा पहिल्या तासाला काही वाटत नाही, संध्याकाळी टाच सोललेली असते. कुठल्या पावलाने सोलली ते सांगता येत नाही. सासूचा काच, सासुरवास, जाच हे शब्द बायकांनी जात्यावर बसून उगाच घडवले नाहीत. त्यांना ठाऊक होतं की त्रास एका फटक्यात नसतो, तो रोजच्या घासण्यात असतो.

आता कुणी म्हणेल, भांडणं तर सगळ्याच घरांत होतात. होतात, आणि ती व्हावीतही. नवरा चिडका असेल, सासू खडूस असेल, बायको तोंडाळ असेल, म्हणून लगेच काच म्हणू नये. मला स्वतःला दोन खुणा उपयोगी वाटतात. पहिली, ‘नाही’ म्हटल्यावर काय होतं? साध्या भांडणात दोघेही ‘नाही’ म्हणतात, दोघेही रुसतात, कधी हा माघार घेतो, कधी ती. काच असलेल्या घरात एकाच्या ‘नाही’ला किंमत मोजावी लागते. ती किंमत म्हणजे चार दिवसांचा अबोला, बंद झालेला किराणा, मुलांसमोर केलेला अपमान, “मी जीव देईन” ही धमकी, किंवा नुसती अशी एक नजर की पुढचं काही बोलायची हिंमत होऊ नये. म्हणून हळूहळू ‘नाही’ म्हणणंच बंद होतं, आणि बाहेरून ते घर फार शांत, समजूतदार दिसतं.

दुसरी खूण आवाजाची. खाली दुचाकीचं स्टँड लावल्याचा आवाज आला की घरात काय होतं? एखाद्या घरात मूल दाराकडे धावतं. एखाद्या घरात टीव्ही बंद होतो, पोरगं पुस्तक उघडतं, बाई ओट्यावरून हात फिरवते आणि फोन पालथा ठेवते. कुणी काही सांगितलेलं नसतं. सगळं घर एका माणसाच्या मूडचा अंदाज घेत जगत असतं.

हे एका दिवसात होत नाही, आणि सुरुवात बहुधा प्रेमातच असते. “तू नोकरी कशाला करतेस, मी आहे ना?” “तुझ्या त्या मैत्रिणी तुझ्या भल्याच्या नाहीत.” “लोकेशन चालू ठेव, काळजी वाटते.” ‘काळजी’ या शब्दाखाली मराठी घरांत काय काय खपतं, यावर वेगळा लेख होईल. काळजी आणि पाळत यांत फरक ओळखायचा तर उलट करून बघावं. ती त्याचं लोकेशन विचारू शकते का? त्याच्या खात्याचा पिन तिला ठाऊक आहे का? दोन्हीकडून सारखं असेल तर ती दोघांची सवय आहे. एकाच बाजूने असेल तर विचार करावा.

मग माणसं तुटतात. आधी मित्र, मग शेजारी, मग माहेर. तुटताना दरवेळी कारण दिलं जातं. भावाने लग्नात मान दिला नाही, मावशी घरात लावालावी करते. एकटं पडलेलं माणूस घरातल्या एकाच आवाजावर विश्वास ठेवू लागतं. तो आवाज सांगतो, तुला काही कळत नाही, तूच वेंधळी आहेस, असं मी बोललोच नव्हतो. वर्षभरात तिलाही वाटायला लागतं की आपल्याला खरंच काही कळत नाही. आणि मधूनच एक छान दिवस येतो. गजरा येतो, महाबळेश्वरची सहल होते, तो अगदी पूर्वीसारखा वागतो. लोक विचारतात “मग ती राहते कशाला?” त्याचं अर्धं उत्तर या छान दिवसात आहे. उरलेलं अर्धं पैशात आणि भीतीत.

आपल्याकडच्या काचाची एक खासियत पाश्चात्त्य मांडणीत पुरेशी येत नाही. तिथे बहुतेक वेळा नियंत्रण करणारा एकटा जोडीदार असतो. आपल्याकडे कामाची वाटणी असते. पैसा नवऱ्याच्या हाती, स्वयंपाकघराच्या किल्ल्या सासूकडे, बाहेर कुठे दिसली याची खबर दिरा-नणंदेकडे, आणि ‘लोक काय म्हणतील’ हे पहारेकरी फुकट. यातला प्रत्येक जण शपथेवर सांगेल की मी काही केलं नाही, आणि आपापल्या तुकड्यापुरतं ते खरंही वाटेल. त्यात सासूने स्वतः तीस वर्षं हेच भोगलेलं असतं. किल्ल्या हाती आल्या तोच तिचा पहिला आणि एकमेव पगार.

हे सगळं बाईच्या मनाचे खेळ आहेत असं वाटत असेल तर एक सरकारी कागद बघावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांना नवऱ्याच्या वागण्याबद्दल ठरावीक प्रश्न विचारतात. परपुरुषाशी बोललीस तर तो चिडतो का? तुझ्यावर व्यभिचाराचा आळ घेतो का? मैत्रिणींना भेटू देत नाही का? माहेरच्यांशी संबंध कमी करायला बघतो का? सतत कुठे आहेस हे विचारतो का? पैशांच्या बाबतीत तुझ्यावर विश्वास ठेवत नाही का? यांत माराचा उल्लेखही नाही. मारहाणीचे प्रश्न वेगळे असतात, आणि २०१९–२१ च्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या, कधी ना कधी लग्न झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. वरचे सहा प्रश्न मात्र कुणीही स्वतःच्या घराला लावून बघू शकतं. त्याला सर्वेक्षणवाली बाई यायची गरज नाही.

काच फक्त सुनेलाच होतो असं नाही. नवऱ्याच्या मागे पुण्यातला फ्लॅट मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून दिलेली सत्तर वर्षांची आई बघा. पेन्शनचं पासबुक मुलाकडे, चष्म्याचा नंबर बदलायला सहा महिने विनवण्या, बहिणीचा फोन आला की “आई झोपलीय”. पदवीच्या शेवटच्या वर्षातली मुलगी बघा, जिचा फोन रोज रात्री वडील तपासतात आणि “जास्त बोललीस तर कॉलेज बंद” हे वाक्य टांगत्या तलवारीसारखं डोक्यावर असतं. पुरुषांनाही काच होतो. पगार हिसकावून घेणं, मुलांना भेटू न देणं, खोट्या तक्रारीची धमकी देत राहणं हे घडतं, आणि तो सांगेल तर मित्र हसतील म्हणून तो सांगत नाही. कायद्याचं संरक्षण सगळ्यांना सारखं नाही, तिकडे आता वळतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये डिसेंबर २०१५ पासून असं वागणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तिथला कायदा एका घटनेवर बोट ठेवत नाही. वागणं वारंवार किंवा सतत घडलेलं असावं लागतं. त्यामुळे समोरच्या व्यक्तीला किमान दोनदा हिंसेची भीती वाटलेली असावी, किंवा तिच्या रोजच्या जगण्यावर गंभीर परिणाम झालेला असावा लागतो. २०२३ पासून एकत्र राहत असण्याची अटही गेली, कारण वेगळं झाल्यावरही काच चालूच राहतो. लंडनला किंवा लेस्टरला लग्न होऊन गेलेल्या मराठी मुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी हे माहीत करून घ्यावं. तिथल्या पोलिसांना “त्याने मारलं नाही, पण…” असं सांगता येतं. आणि पासपोर्ट काढून घेतला असेल तर तो नवऱ्याचा किंवा सासऱ्यांचा नसतोच. भारतीय पासपोर्ट ही कायद्याने भारत सरकारची मालमत्ता आहे. पोलिसांत तक्रार देऊन भारतीय उच्चायुक्तालयाकडे जाता येतं.

भारतात या नावाचा गुन्हा नाही. पण २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांच्या संरक्षणाचा कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, तो नीट वाचला तर चकित व्हायला होतं. त्याच्या कलम ३ मध्ये शारीरिक आणि लैंगिक छळाबरोबर शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळही हिंसाचारच मानला आहे. अपमान, टोमणे, मूल किंवा मुलगा नाही म्हणून हिणवणं, तिच्या जवळच्या माणसाला इजा करण्याच्या धमक्या हे सगळं त्यात आहे. हक्काचा पैसा न देणं, स्त्रीधन अडकवून ठेवणं, घरातल्या सोयी वापरू न देणं हेही आहे. अर्ज फक्त पत्नीच करू शकते असाही एक गैरसमज आहे. आई, बहीण, मुलगी, विधवा भावजय, लग्नासारख्या नात्यात एकत्र राहिलेली जोडीदार, कुणीही करू शकते. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने व्याख्येतले ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द काढून टाकले, त्यामुळे अर्ज बाईविरुद्धही करता येतो. आणि घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून सुनेचा राहण्याचा हक्क आपोआप जात नाही, हे त्याच न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं.

याच कायद्याच्या कलम १८ कडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. दंडाधिकारी तिथे संपर्क साधायला, नोकरीच्या जागी येऊन तमाशा करायला बंदी घालू शकतात, आणि बँक लॉकर किंवा खातं परस्पर चालवायलाही. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माहेरी तात्पुरती येऊन राहिलेली बाई तिथल्याच न्यायालयात अर्ज करू शकते, सासरच्या गावी खेटे घालायची गरज नाही. अर्ज लिहायला वकीलच हवा असंही नाही. महिला व बालविकास विभागाने नेमलेले संरक्षण अधिकारी असतात, ते कौटुंबिक घटना अहवाल भरून देतात. कायद्यात पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत असं लिहिलंय. प्रत्यक्षात महिने लागतात, काही ठिकाणी वर्षं. म्हणून पहिल्याच अर्जात अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा, आदेश मागायचा असतो.

फौजदारी वाट वेगळी आहे. विवाहितेच्या छळाचं जुनं कलम ४९८अ आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे, त्यात मानसिक आरोग्याला गंभीर हानी करणारी क्रूरताही येते. ही वाट कधी घ्यायची हे वकिलाशी किंवा समुपदेशकाशी बोलून ठरवावं, रागाच्या भरात ठरवू नये. म्हाताऱ्या आईवडिलांसाठी २००७ चा कायदा आहे. प्रांताधिकारी पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडे पोटगी मागता येते, आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं बक्षीसपत्र ती अट मोडल्यास रद्द होऊ शकतं. पण ती अट कागदावर असलेली बरी. म्हणून घर नावावर करून देताना “आमचा मुलगा तसा नाही” असं म्हणत अट गाळू नका. पुरुषांसाठी २००५ चा कायदा नाही. क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट, मुलांच्या ताब्यासाठी अर्ज, धमक्यांबद्दल पोलीस तक्रार या वाटा त्यांना आहेत.

आता कागद बाजूला ठेवून प्रत्यक्ष काय करायचं ते. हे तुमच्यावर गुदरत असेल तर पहिली गोष्ट, घरात जाहीर करू नका. “मी आता ऐकून घेणार नाही” हे वाक्य सिनेमात छान वाटतं. ज्याचा तुमच्यावरचा ताबा सुटत चाललाय तो माणूस त्या क्षणी सर्वांत धोकादायक असतो. २०२० च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये हॅना क्लार्क आणि तिची तीन मुलं यांना तिच्या विभक्त नवऱ्याने गाडीत जाळून मारलं. त्याआधीची कित्येक वर्षं तो तिचे कपडे, फोन, येणंजाणं ठरवत होता. क्वीन्सलँड राज्याने पुढे याच वागण्याला गुन्हा ठरवलं. आपल्याकडच्या घरांना हे उदाहरण टोकाचं वाटेल, पण गळा दाबणं, जीवे मारण्याची धमकी, वेगळं झाल्यावर पाठलाग यांतलं काहीही घडलं असेल तर थांबू नका, आधी सुरक्षित जागा आणि ११२.

एवढी घाई नसेल तर तयारी गुपचूप करायची. सुरुवात फोनपासून. व्हॉट्सॲपमध्ये जोडलेली उपकरणं आणि नकाशातलं लोकेशन शेअरिंग बघून घ्या, पण सगळं एकदम बंद करू नका, त्याला लगेच कळेल. महत्त्वाचं बोलणं त्या फोनवरून करूच नका, ऑफिसच्या किंवा मैत्रिणीच्या फोनवरून करा. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, पण लावलेला नंबर कॉलच्या यादीत राहतो हे लक्षात ठेवा. मग आधार कार्ड बघा. कित्येक बायकांच्या आधारला आणि बँकेला नवऱ्याचा मोबाइल नंबर जोडलेला असतो, म्हणजे तिच्या प्रत्येक व्यवहाराचा ओटीपी त्याच्याकडे जातो. आधार केंद्रात बोटांचे ठसे देऊन नंबर बदलता येतो, जुन्या नंबरची गरज लागत नाही. पुढे स्वतःच्या नावाचं वेगळ्या बँकेतलं खातं. लग्नाच्या अल्बममधल्या दागिने दिसणाऱ्या फोटोंचे फोटो, मुलांचे जन्मदाखले, विवाह नोंदणी, पॅन यांच्या प्रती माहेरी किंवा भरवशाच्या माणसाकडे. आणि एक नोंदवही, घरात न ठेवलेली. तारीख, काय झालं, कोण हजर होतं, एवढंच. काच सुट्या प्रसंगात दिसत नाही असं वर म्हटलं. चाळीस नोंदी एकाखाली एक आल्या की दंडाधिकाऱ्यालाही दिसतो, आणि त्याआधी तो स्वतःला दिसतो.

मदत मागायला पोलीस ठाण्यातच जावं लागतं असं नाही. मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला, आज असे कक्ष राज्यभर आहेत. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी ‘दिलासा’ हे समुपदेशन केंद्र उघडलं. त्यामागची युक्ती मला फार आवडते. ज्या बाईला कुठेही जायला परवानगी नाही, तिलाही डोकं दुखतंय म्हणून दवाखान्यात जाता येतं. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर, म्हणजे अशा बायकांना एकाच छताखाली मदत देणारं सरकारी केंद्र असतं. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळतो, नंबर १५१००. ज्येष्ठांसाठी १४५६७, मुलांसाठी १०९८.

नातेवाइकांसाठी दोन शब्द, कारण हा लेख बहुधा तेच वाचत असतील. कुटुंबाची बैठक बोलावू नका. मामा, काका, मध्यस्थ, सगळे चहा पिऊन “दोघांनीही थोडं समजून घ्या” म्हणून उठतात आणि रात्री तिच्या वाट्याला काय येतं ते त्यांना कधीच कळत नाही. दोघांना समोरासमोर बसवून केलेलं समुपदेशनही इथे घात करू शकतं, कारण त्याच्यादेखत ती खरं बोलणार नाही. “सोडून दे त्याला” हेही लगेच म्हणू नका. तो तिला हुकूम देतो, तुम्हीही हुकूमच देताय. ती परत गेली तर रागावून संबंध तोडू नका, कारण त्याला नेमकं तेच हवं असतं. सणावाराला, वाढदिवसाला फोन करत राहा, त्याच्याशीही गोड बोला. दार उघडं ठेवायची ती किंमत आहे.

आणि डोंबिवलीच्या त्या आईने पुढच्या वेळी रात्री घरी फोन करू नये. दुपारच्या सुट्टीत ऑफिसच्या नंबरवर करावा. “मारतो का?” हे विचारू नये. “तुझं कार्ड कुणाकडे असतं गं?” एवढं विचारावं, आणि उत्तर यायला वेळ लागला तरी मध्ये काही बोलू नये.